फरसबंदी, घरातील

फरसबंदी, घरातील : घराच्या जोत्यावर किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबवर वावरण्यास, बसण्यास व धुण्यापुसण्यास योग्य असा जो कठीण, सपाट व टिकाऊ पृष्ठथर तयार करतात, त्यास फरसबंदी म्हणतात. बोलण्यात तिला नुसते ‘जमीन’ किंवा ‘फरशी’ असेही म्हणतात. फरशी व लादी हे शब्द महाराष्ट्रात सर्वत्र एकाच अर्थाने वापरीत नाहीत. प्रस्तुत नोंदीत खाणीतून काढलेल्या दगडाच्या चिपेस फरशी व कारखान्यात साच्यातून काढलेल्या वस्तूस लादी म्हटले आहे. नवे घर बांधताना फरसबंदीचा निर्णय सामान्यतः अखेरीस, म्हणजे हाती असलेला पैसा संपत आला असताना घेतला जातो. त्यामुळे दुकानातील नमुना व त्याचा दर या दोनच गोष्टींकडे लक्ष जाते. वास्तविक फरसबंदीचे यशापयश पृष्ठथराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या खालच्या भरावावर व आधारथरावर अवलंबून असते आणि हा भाग एकदा झाकला गेला की, तो दुरुस्त करण्यासाठी वरचे सर्व काम उखडावे लागते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुरूम व माती घालून, पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून केलेली व शेणाने सारवलेली जमीन असे. ती उन्हाळ्यात थंड व पायाला मऊ असे आणि खर्च जवळजवळ नसे. परंतु ती दर आठ-पंधरा दिवसांनी सारवावी लागे व हे श्रम घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. या श्रमांची किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नसल्यामुळेच ती जमीन स्वस्त ठरे. सधन वाड्यांच्या चौकात घडीव काळा दगड व माजघर-ओसरीत चुन्याचा कोबा आढळतो.

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या दगडाने (बेसाल्टाने) व्यापलेला आहे. हा खडक कठीण व टिकाऊ असला, तरी त्याच्या सपाट पातळ चिपा निघत नाहीत. तो टाकीने घडवावा लागतो व ती घडाई महाग पडते. याउलट आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादच्या परिसरात भीमेच्या खोऱ्यातील चुनखडक थरांनी बनलेला असून पहारीने उचकटताच त्याच्या सपाट चिपा सुटतात. मुंबई–रायचूर लोहमार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला व तो याच भागातून जात असल्याने हा दगड सोलापूर, पुणे व मुंबईपर्यंत आणणे सोपे झाले. ‘शहाबादी फरशी’ हा शब्द मराठीत रुळला त्यामागे भूविज्ञान व रेल्वे अशी दोन्ही कारणे आहेत. सिमेंटच्या रंगीत लाद्या प्रथम परदेशातून येत. मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीसारख्या उद्योगांनी त्या देशात तयार करण्यास प्रारंभ केला. स्वातंत्र्योत्तर काळात संगमरवराचे कण घातलेल्या मोझॅइक लाद्यांनी शहरी घरे व्यापली. १९९० नंतर प्रथम चिनी मातीच्या व पुढे काचीभूत, म्हणजे व्यवहारात ‘व्हिट्रिफाइड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाद्यांनी त्यांची जागा घेतली. गुजरातमधील मोरबी हे या उद्योगाचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र आहे.

भराव व आधारथर : तळमजल्याची फरसबंदी भिंतींवर टेकलेली नसते. ती जोत्याच्या आतील भरावावर टेकलेली असते. भिंती पायामुळे खालच्या कठीण थरावर उभ्या राहतात, तर भराव आपल्याच वजनाने वर्ष-दोन वर्षे दबत राहतो. भराव नीट ठोकला नसल्यास खोलीच्या मध्यभागी फरसबंदी खचते व भिंतीलगत फट पडते. असे झाल्यावर दोष सहसा लाद्यांना किंवा गवंड्याला दिला जातो, पण मूळ कारण जोते भरताना झालेली घाई हेच असते.

काळ्या कपाशीच्या जमिनीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. या मातीतील माँट्‌मोरिलोनाइट नावाचे मृद्‌-खनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते, उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात त्या यामुळेच. पाया खणताना निघालेली अशी माती जोत्यात भरणे फुकटात होते व म्हणूनच अनेक ठिकाणी ती भरली जाते. परंतु पुढे न्हाणीघराचे वा पावसाचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचले की, ती फरसबंदी खालून उचलते. अशा जागी काळी माती काढून टाकून भराव मुरुमाचा करावा. मुरूम १५ ते २० सेंमी. जाडीच्या थरांत पसरून, प्रत्येक थर पाणी मारून ठोकावा. शक्य असल्यास भराव पूर्ण झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. भरावावर दगडांचे सोलिंग व त्यावर सिमेंट, वाळू व खडी १ : ४ : ८ या प्रमाणात घेऊन केलेल्या काँक्रीटचा सु. १० सेंमी. जाडीचा थर असा आधारथर सर्वसाधारणपणे पुरेसा होतो. खर्चात कपात करणे भागच असेल, तर ती पृष्ठथरात करावी. या थरात करू नये.

ओल : जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भराव व काँक्रीट यांतून वर चढते. त्याबरोबर विरघळलेले क्षार पृष्ठभागी येतात व पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागे राहतात. भिंतींना लागणारा लोणा तो हाच. चुनखडकाच्या फरशीत व मोझॅइक लादीत हे क्षार छिद्रांत स्फटिकरूप घेतात, तेव्हा पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. काचीभूत लादीतून पाणी वर येऊ शकत नाही, तेव्हा ते सांध्यांतून व भिंतींच्या तळातून वाट काढते. प्रतिबंधक उपाय म्हणजे वाळूच्या पातळ थरावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी, जाड पॉलिथिनचा अखंड पत्रा पसरणे. जोड येतील तेथे दोन्ही पत्रे १५ ते २० सेंमी. एकमेकांवर यावेत व कडा भिंतीतील ओलप्रतिबंधक थरापर्यंत चढवाव्यात. एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. मात्र काम झाल्यानंतर हा उपाय करता येत नाही.

कोकणात व इतरत्रही पावसाळ्याच्या तोंडावर फरशीवर पाणी दिसते, त्यास ‘फरशीला घाम सुटणे’ म्हणतात. ही जमिनीतील ओल नव्हे. बाहेरील उष्ण व दमट हवा थंड फरशीला लागून तिचे तापमान दवबिंदूखाली जाते व हवेतील बाष्प फरशीवर जमते. या दोहोंतील भेद ओळखण्याची रीत सोपी आहे. सु. अर्धा मीटर बाजूचा प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद फरशीवर पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक-दोन दिवसांनी पाहावे. पाणी कागदाच्या वरच्या बाजूस असेल, तर तो हवेतील बाष्पाचा परिणाम होय. खालच्या बाजूस असेल, तर ओल जमिनीतून येत आहे. पहिल्या प्रकारात दमट हवेच्या वेळी खिडक्या उघड्या न ठेवणे व पंखा चालू ठेवणे एवढे पुरते. दुसऱ्या प्रकारात वरून कोणताही लेप लावून कायमचा गुण येत नाही.

जाडी व पातळी : पृष्ठथराचा प्रकार चौकटी बसविण्यापूर्वी व जिन्याचे काँक्रीट करण्यापूर्वी निश्चित करावा लागतो. शहाबादी वा कोटा फरशी २५ ते ४० मिमी. जाड असून तिच्याखाली तेवढाच सिमेंट-वाळूचा माल लागतो. म्हणजे एकूण जाडी ६ ते ७ सेंमी. होते. काचीभूत लादी ८ ते १० मिमी. जाड असते व सपाट काँक्रीटवर चिकटद्रव्याने बसविल्यास एकूण जाडी दीड सेंमी.पेक्षा फारशी अधिक होत नाही. आधी ठरविलेला प्रकार ऐनवेळी बदलल्यास ही चार-पाच सेंमी.ची तफावत दाराखालच्या फटीत, उंबऱ्यात व विशेषेकरून जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीत उतरते. जिना चढता-उतरताना पाय प्रत्येक पायरीची उंची एकच गृहीत धरून पडतो. एकाच पायरीची उंची वेगळी झाली की, ठेच लागते वा तोल जातो. वृद्ध माणसे व लहान मुले असलेल्या घरात ही बाब किरकोळ समजू नये.

वरच्या मजल्यावर वजनाचाही विचार करावा लागतो. २५ मिमी. जाडीच्या चुनखडकाच्या फरशीचे वजन दर चौ. मी. ला सु. ६७ किग्रॅ. भरते व तिच्याखालील ३ सेंमी. मालाचे जवळजवळ तेवढेच. याउलट ९ मिमी. काचीभूत लादीचे वजन सु. २१ किग्रॅ. असते. स्लॅबचा आराखडा करताना पृष्ठथरासाठी दर चौ. मी. ला सु. १०० किग्रॅ. भार धरण्याची पद्धत आहे. तेव्हा दगडाची फरशी घालावयाची असल्यास ती गोष्ट अभियंत्यास आधीच सांगणे आवश्यक ठरते. जुनी फरशी न काढता तिच्यावर दुसरी बसविताना तर ही चौकशी केलीच पाहिजे.

पृष्ठथराचे प्रकार : सिमेंटचा कोबा. हा सर्वांत कमी खर्चाचा प्रकार होय. सिमेंट, वाळू व बारीक खडी १ : २ : ४ या प्रमाणात मिसळून ३ ते ५ सेंमी. जाडीचा थर टाकतात व तो थापीने घोटून गुळगुळीत करतात. सिमेंट वाळताना आकसते, म्हणून संपूर्ण खोलीचा थर एकसंध न टाकता १ ते २ मी. बाजूचे चौकोन पाडतात व मध्ये काचेच्या वा धातूच्या पट्ट्या बसवितात, म्हणजे पडणारी भेग पट्टीच्या रेषेत पडते. पृष्ठभागावर आलेले पाणी शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरण्याची गवंड्यांची सवय घातक असते, त्यामुळे वरचा पापुद्रा केसांसारख्या चिरांनी भरतो व पुढे त्याची भुकटी निघते. काम झाल्यावर निदान आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवल्यास कोबा अनेक वर्षे टिकतो. वरच्या थरात लोहाचे तांबडे ऑक्साइड मिसळून केलेला लाल कोबा कोकण, गोवा व कर्नाटकाच्या किनारी भागातील जुन्या घरांत आढळतो. वापराने व तेलपाण्याने त्याला येणारी झिलई कोणत्याही लादीस येत नाही. मात्र तो घोटण्याचे कसब असलेले कारागीर आता थोडे उरले आहेत आणि अकुशल हातून त्यावर डाग व चिरा पडतात. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागात काचेवर सिमेंट ओतून हाताने तयार केल्या जाणाऱ्या आत्तंगुडी लाद्या याच कुळातील होत.

नैसर्गिक दगड. शहाबाद, तेलंगणातील तांदूर, आंध्र प्रदेशातील कडप्पा व राजस्थानातील कोटा येथील फरशा दिसण्यात भिन्न असल्या, तरी सर्व चुनखडकाच्या आहेत. शहाबादी करडी, तांदुरी निळसर वा पिवळसर, कडप्पा काळी, तर कोटा हिरवट निळी किंवा तपकिरी असते. यांपैकी कोटा दगड घट्ट व एकजिनसी असून त्यावर चांगली झिलई येते. शहाबादी फरशी खडबडीत व घासून गुळगुळीत केलेली अशा दोन्ही रूपांत मिळते. चुनखडक मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचा बनलेला असल्यामुळे अम्लाने तो विरघळतो. लिंबू, चिंच, कोकम यांचा रस सांडून तसाच राहिला, तरी झिलई जाऊन फिकट डाग उरतो. न्हाणीघर स्वच्छ करण्यास बाजारात मिळणारे ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक अम्ल असते व त्याने अशी फरशी फेसाळून कायमची खरखरीत होते. दुसरी मर्यादा कठिनतेची. मोस कठिनता मापक्रमात कॅल्साइटाची कठिनता ३, तर वाळूतील क्वॉर्ट्‌झाची ७ आहे. पादत्राणांबरोबर घरात येणारी वाळू या फरशीला हळूहळू कानशीसारखी घासते. तथापि झिजलेली फरशी पुन्हा घासून पूर्ववत करता येते. हा गुण चिनी मातीच्या लादीत नाही. संगमरवरही रासायनिक दृष्ट्या याच वर्गातील असल्याने त्यावर वरील दोन्ही आक्षेप लागू पडतात. महाग म्हणून तो अधिक टिकतो, असे नाही. ग्रॅनाइट अम्लास व ओरखड्यांस दाद देत नाही, परंतु संपूर्ण घरात तो घालणे मर्यादित खर्चात बसत नाही. स्वयंपाकाचा ओटा, पायऱ्या व उंबरे एवढ्यापुरता तो उपयुक्त ठरतो.

मोझॅइक लादी. सिमेंट व संगमरवराचे कण यांचा वरचा थर आणि सिमेंट-वाळूचा खालचा थर दाबयंत्रात एकत्र दाबून ती तयार करतात. बसविल्यावर जाड, मध्यम व बारीक अशा क्रमाने कार्बोरंडमच्या दगडांनी ती घासतात व शेवटी ऑक्झॅलिक अम्लाने झिलई देतात. घसाईत सर्व सांधे एका पातळीत येत असल्यामुळे जमीन एकसंध भासते. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा घासून ती नवी करता येते. या लाद्या मागे पडल्या त्या टिकाऊपणा कमी म्हणून नव्हे. घसाईची मजुरी, त्यात होणारा चिखल व लागणारे दिवस यांमुळे. जुने घर विकत घेतलेल्या कुटुंबाने अशी जमीन उखडण्यापूर्वी घसाईचा दर विचारून पाहावा हे उत्तम.

चिनी मातीच्या व काचीभूत लाद्या. माती, फेल्डस्पार व क्वॉर्ट्‌झ यांची भुकटी दाबून व भाजून या करतात. भाजण्याचे तापमान व मिश्रण यांनुसार लादीचे अंग कमीअधिक सच्छिद्र राहते. हीच त्यांच्या वर्गीकरणाची मुख्य कसोटी आहे. ज्यांचे जलशोषण ०·५ टक्के किंवा कमी असते त्या काचीभूत, तर भिंतींसाठीच्या लाद्यांचे जलशोषण १० टक्क्यांहून अधिक असते. भिंतीची लादी स्वस्त मिळते म्हणून जमिनीवर बसविल्यास ती वजनाने फुटते. भारतीय मानक संस्थेच्या ‘आयएस १५६२२’ या मानकात दाबून केलेल्या लाद्यांचे हे वर्ग दिलेले असून खोक्यावर वर्ग छापलेला असतो. तो वाचण्याची तसदी ग्राहक क्वचितच घेतो.

काचीभूत लाद्यांतही भेद आहेत. ज्यांत वरच्या ३-४ मिमी. जाडीपर्यंत रंगीत भुकटी दाबलेली असते, त्यांची झीज झाली तरी रंग जात नाही. दुकानदार त्यांना ‘डबल चार्ज’ म्हणतात. ज्यांवर छापील चित्र व त्यावर काचेचा पातळ लेप असतो त्या संगमरवरासारख्या वा लाकडासारख्या दिसतात, पण लेप झिजला की चित्रही जाते. वर्दळीच्या खोलीसाठी पहिला प्रकार अधिक योग्य होय. घासून आरशासारखी केलेली लादी ओली असताना घसरडी होते. न्हाणीघर, मोरी, ओसरी, मागील दार व जिना या ठिकाणी ती मुळीच वापरू नये. तेथे खरखरीत पृष्ठाची, लहान आकाराची लादी घ्यावी. लहान लाद्यांनी उतार नीट देता येतो व जास्त सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. वृद्धांच्या मांडीच्या हाडाचा अस्थिभंग पुष्कळदा घरातील ओल्या जमिनीवर घसरण्यातून होतो, हे लक्षात घेता या एका निवडीत सौंदर्याला दुय्यम स्थान देणे रास्त ठरते.

इतर. लाकूड, लाकडी लेपांच्या फळ्या व व्हिनिलचे पत्रे थंड प्रदेशात उपयोगी पडतात. महाराष्ट्रात वाळवी, पावसाळी दमटपणा व पाण्याने जमीन पुसण्याची पद्धत यांमुळे त्यांचा उपयोग मर्यादित आहे. व्हिनिल स्वस्त व लवकर बसणारे असले, तरी ओल्या काँक्रीटवर ते फुगते.

खर्चाचा अंदाज : फरसबंदीचे काम महाराष्ट्रात बहुधा ब्रासवर, म्हणजे १०० चौ. फूट (सु. ९·३ चौ. मी.) या मापाने ठरते. दोन प्रकारांची तुलना लादीच्या दरावरून करणे फसवे असते. बसवून तयार झालेल्या चौ. मीटरचा दर काढावा व त्यात वाहतूक, चढउतार, नासधूस, खालचा माल किंवा चिकटद्रव्य, मजुरी, घसाई व भिंतीलगतची पट्टी (स्कर्टिंग) हे सर्व धरावे. दगड स्वस्त असला, तरी त्याचा माल, घसाई व मजुरी अधिक लागते. लादी महाग असली, तरी ती बसविताच वापरता येते. खाणीपासून वा कारखान्यापासूनच्या अंतराने हा तोल बदलतो. सोलापूर-लातूरकडे शहाबादी फरशी स्वस्त पडते, तर पालघर-नासिककडे मोरबीची लादी. म्हणून एका गावचा हिशेब दुसऱ्या गावी लागू पडेलच, असे नाही.

लादीचा आकारही खर्चावर परिणाम करतो. ३·६ मी. × ३·० मी. मापाच्या खोलीचे क्षेत्रफळ १०·८ चौ. मी. होते. सांध्यांची जाडी सोडून दिल्यास ६० सेंमी. बाजूच्या ३० लाद्यांत ती काहीही न कापता पूर्ण भरते. ८० सेंमी. बाजूच्या लाद्या घेतल्यास १२ अखंड लाद्या बसून दोन बाजूंना पट्टे उरतात. तुकड्यांचा जपून उपयोग केल्यास एकूण १८, म्हणजे ११·५२ चौ. मी. लाद्या लागतात व निष्काळजीपणे कापल्यास २०, म्हणजे १२·८ चौ. मी. लागतात. पहिल्या बाबतीत जादा खर्च सु. ७ टक्के, तर दुसऱ्या बाबतीत १८ टक्क्यांहून अधिक होतो. याशिवाय मोठ्या लादीस जमीन अधिक सपाट लागते व ती बसविण्याची मजुरीही अधिक पडते. याच खोलीची परिमिती १३·२ मी. असून ०·९ मी. रुंदीचे एक दार वजा जाता १२·३ मी. उरते, १० सेंमी. उंचीच्या पट्टीसाठी १·२३ चौ. मी. लादी, म्हणजे जमिनीच्या सु. ११ टक्के, आणखी लागते. हा आकडा अंदाजपत्रकात राहून गेल्यानेच ऐनवेळी लादी कमी पडते. नंतर आणलेली लादी दुसऱ्या भट्टीतील असेल, तर रंगछटा व माप किंचित वेगळे निघते. सर्व माल एकदमच, खोक्यांवरील छटेचा व गटाचा क्रमांक एकच असल्याचे पाहून घ्यावा आणि पुढील दुरुस्तीसाठी एखाद-दुसरे खोके शिल्लक ठेवावे.

सर्व घरात एकच प्रकार असावा, हा आग्रह खर्चाला जड जातो. पाणी व वर्दळ असलेल्या जागा, म्हणजे न्हाणीघर, स्वयंपाकघर व प्रवेशाची खोली, प्रथम कायमच्या पूर्ण कराव्यात, कारण वापर सुरू झाल्यावर त्या पुन्हा उखडणे त्रासाचे असते. निजण्याच्या खोल्यांत चांगला कोबा करून काही वर्षे काढता येतात. मात्र त्या खोल्यांत पुढे लादी बसविण्याचा विचार असल्यास कोब्याची पातळी तेवढ्या जाडीने खाली ठेवावी, अन्यथा दोन खोल्यांमध्ये कायमची पायरी निर्माण होते. घर पूर्ण दिसावे म्हणून कर्ज काढून लादी बसविणे आणि छताची गळती तशीच ठेवणे असा प्रकार अनेकदा पाहावयास मिळतो. तो सर्वस्वी उफराटा होय.

बसविण्याचे काम : नळाच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांची चाचणी झाल्याखेरीज फरसबंदीस हात लावू नये. न्हाणीघरात जलरोधक थर देऊन एक-दोन दिवस पाणी साठवून पाहावे. तेथील जमीन लगतच्या खोलीपेक्षा सु. २ सेंमी. खाली ठेवून जाळीकडे दर मीटरला सु. १·५ सेंमी. उतार द्यावा. खोलीत प्रथम चार कोपऱ्यांत व मध्ये ठिपके बसवून दोरी व पाणसळीने पातळी निश्चित करतात. मांडणी दारातून दिसणाऱ्या रेषेपासून सुरू करावी व कापलेले तुकडे भिंतीकडे, सामानाखाली जातील असे पाहावे.

काचीभूत लादी पाणी शोषून घेत नसल्याने तिच्या पाठीवर सिमेंटची नुसती घळ पक्की पकड घेत नाही. अशा लाद्यांसाठी बहुवारिकयुक्त चिकटद्रव्ये मिळतात (आयएस १५४७७) व ती लादीच्या पूर्ण पाठीला लागली पाहिजेत. चार कोपऱ्यांत व मध्ये गोळे ठेवून लादी दाबण्याची पद्धत झटपट असली, तरी मधल्या पोकळीवर जड वस्तू पडताच लादी फुटते. लाद्या एकमेकींना भिडवून बसविल्यास जमीन सुंदर दिसते; पण उन्हाळ्यात प्रसरणास वाव न राहिल्याने कधी कधी मोठा आवाज होऊन ओळीच्या ओळी तंबूप्रमाणे उचलल्या जातात. यासाठी दोन लाद्यांत किमान २ मिमी. सांधा व भिंतीलगत ५ ते ८ मिमी. मोकळी जागा ठेवतात. ही जागा भिंतीलगतच्या पट्टीखाली झाकली जाते. माल घट्ट झाल्यावर प्रत्येक लादी लाकडी दांड्याने वा नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आल्यास ती त्याच वेळी काढून पुन्हा बसवून घ्यावी. मजुरीचा शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावर देण्याचे आधीच ठरवावे.

दगड व लाद्या कोरड्या कापताना उडणाऱ्या धुळीत क्वॉर्ट्‌झाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते वर्षानुवर्षे फुप्फुसात साठून सिलिकामयता (सिलिकोसिस) हा असाध्य रोग जडतो. पात्यावर पाण्याची धार ठेवून कापल्यास धूळ जवळजवळ उडत नाही. बंद खोलीत कोरडे कापू न देणे हे घरमालकाच्या हातातील आहे व त्यास वेगळा खर्च येत नाही.

देखभाल : सर्व प्रकारच्या जमिनींना दाराशी ठेवलेले पायपुसणे कोणत्याही झिलईपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण वाळू आत येत नाही. चुनखडक, संगमरवर व मोझॅइक यांसाठी साधे पाणी किंवा सौम्य साबण वापरावा. काचीभूत लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट तेल व हळद शोषून काळवंडते, म्हणून स्वयंपाकघरात सांधे एपॉक्सी रेझिनाने भरतात. ते महाग असल्याने तेवढ्याच खोलीत वापरणे पुरेसे होते. सांधा निखळलेला दिसताच भरावा. तेथून झिरपणारे पाणी तळमजल्यावर भरावात, तर वरच्या मजल्यावर स्लॅबच्या सळयांपर्यंत पोहोचते.